पुण्यातल्या पाषाण तलावाची उथळ बाजू हिवाळ्यात बंद ठेवावी का?

काठावरचा: गाळ काढून, मधे बेट करून, काठाने झाडं लावून पाषाण तलाव सुधारला. पक्षी बघणारे आले, मागोमाग धावणारे, कुत्री फिरवणारे, प्री-वेडिंगवाले आणि त्यांचे ड्रोनही आले. माझं मत: नोव्हेंबर ते फेब्रुवारी उथळ बाजूची वाट बंद, बांधावर खुशाल फिरा. थापट्यासारखी बदकं उत्तरेतून इथवर येतात ती खायला आणि परतीची चरबी साठवायला. सारखं उठून उडावं लागलं की खाणं राहतं आणि साठलेलं जळतं.

सुतारवाडीकर: आमच्या वडिलांच्या काठीला बदकं घाबरतात? की रामनदीतून येणाऱ्या सांडपाण्याला? त्याच सांडपाण्यावर जलपर्णी पोसते. ती तलाव झाकते तेव्हा पक्ष्याला उतरायला पाणी उरत नाही. नाला अडवणं अवघड, वाटेला कुलूप सोपं. म्हणून आधी कुलूप!

काठावरचा: ठरल्या वाटेने जाणाऱ्याला पक्षी सरावतात, मान्य. चिखलात उतरणाऱ्या लेन्सवाल्याला आणि मोकाट कुत्र्याला नाही सरावत.

शेकाट्या: दोघेही एकदा पुण्याजवळ नदीकाठच्या कवडीपाटला जाऊन या. मुळा-मुठेच्या वासाने नाकाला रुमाल लागतो, तरी हिवाळ्यात चक्रवाक बदकं असतात. का? उथळ पाणी आणि खाणं आहे म्हणून. 'सुशोभीकरण' म्हणून काठ खोल करून दगड बसवले, की चिखलात टोच मारून खाणाऱ्यांचं ताटच गेलं. मग वाट बंद ठेवा नाहीतर उघडी.

सुतारवाडीकर: म्हणजे घाण चालेल?

शेकाट्या: असं कुठे म्हटलं? घाणीतल्या अळ्या खाणारे टिकतात, मासे खाणारे घटतात. नुसती डोकी मोजून तलाव ठणठणीत ठरवू नका.

रविवारची टोपी: नौकाविहार सुरू करा, तिकिटाच्या पैशातून जलपर्णी काढा. प्रश्न मिटला.

काठावरचा: जलपर्णी काढून मोकळं केलेलं पाणी होडीला द्यायचं, मग बदकं काय बालेवाडी स्टेडियमवर उतरणार? काठावरच्या माणसापासून मधे सरकता तरी येतं. होडी मधेच येते.

सुतारवाडीकर: होडीला माझाही विरोध. कुत्री साखळीला, ड्रोन बंद, हेही कबूल. वाट मात्र सकाळी दहापर्यंतच बंद. संध्याकाळ आमची.

काठावरचा: बरीच बदकं संध्याकाळीच चरायला निघतात हो! दुपार घ्या.

सुतारवाडीकर: फेब्रुवारीतल्या दुपारच्या उन्हात वडिलांना फिरवायला तुम्ही या.