बफरमधले घरगुती फेरफार: करावेत की सोडून द्यावेत?

खटका_२२ (प्रश्न)
एआर-१५ धाटणीची सेमी-ऑटो कार्बाइन. बॅरल १६ इंची, गॅस नळी (बॅरलमधला गॅस मागे आणून चेंबर बंद करणारा सरकता भाग, म्हणजे बोल्ट, ढकलणारी) कार्बाइन लांबीची, बफर (बोल्टच्या मागे नळीत स्प्रिंगसोबत सरकणारं वजन) साधा ८५ ग्रॅमचा. चालते नीट, पण धक्का तुटक लागतो आणि पुंगळ्या घड्याळातल्या दीडच्या दिशेला, म्हणजे चक्क पुढे उडतात. तीन उपाय डोक्यात आहेत: बफर उघडून शिशाचे छर्रे भरणं, बफर ट्यूबच्या तळाशी ५ मिमीची रबरी चकती टाकणं, किंवा स्प्रिंगचे दोन वेढे कापणं. यातलं काय करण्यासारखं आहे? शिवाय रुगर १०/२२ या पॉइंट २२ च्या रायफलमध्ये बोल्ट मागे जाऊन ज्या स्टीलच्या पिनवर आदळतो, ती काढून प्लॅस्टिकची घालतात. त्याने खरंच फरक पडतो का?

लेथवाला
स्प्रिंगला कात्री लावू नका, तो विषय इथेच संपवा. कार्बाइनच्या स्प्रिंगची मोकळी लांबी साधारण २५६ ते २८६ मिमी असावी लागते. त्याखाली गेली की बोल्ट पुढे येताना जोर कमी पडतो आणि चेंबर जरा मळलं तरी तो पूर्ण बंद होत नाही. तुटक धक्का आणि पुढे उडणाऱ्या पुंगळ्या, याचा अर्थ बोल्ट मागे जोरात येतो. स्प्रिंग कापून तो आणखी जोरात येईल. आधी आहे ती स्प्रिंग मोजा. तीच आखडलेली निघाली तर नवी घाला आणि मग पुढचं बघा.

आता छर्रे. बफरच्या मागच्या प्लॅस्टिक टोकातली रोल पिन पंचने ठोकून काढली की आतून स्टीलचे तीन तुकडे आणि मधल्या पातळ रबरी चकत्या बाहेर पडतात. हे तुकडे मुद्दाम सैल असतात. बोल्ट पुढे बंद झाल्यावर ते क्षणभर उशिरा येऊन आदळतात, त्यामुळे बोल्ट उसळी मारून मागे येत नाही. छर्रे गच्च भरले की हेच काम बंद पडतं. सैल भरले तर शिसं एकमेकांवर आपटून चेपतं, त्याची भुकटी होते आणि काही काळाने गोळा होऊन भिंतीला चिकटतं.

शिशाचे तुकडे ओतून घ्यावेत म्हणाल तर हिशेबही जमत नाही. शिसं स्टीलपेक्षा जेमतेम ४५ टक्के जड, म्हणजे तिन्ही तुकडे बदलून वाढणार २५ ग्रॅमच्या आसपास. टंगस्टनचा एकच तुकडा बदलला तरी जवळपास तेवढंच, २२-२३ ग्रॅम वाढतं, आणि तो चेपत नाही. एक टंगस्टन म्हणजे एच (सुमारे १०८ ग्रॅम), दोन म्हणजे एच-२ (१३० च्या आसपास), तीन म्हणजे एच-३ (१५३ च्या आसपास). घरी करण्यासारखा फेरफार हा एवढाच: तुकडा बदला, रबरी चकत्या होत्या तशा ठेवा, रोल पिन नवी ठोका.

बंद_बोल्ट
वरच्याशी सहमत. रबरी चकतीबद्दल: ती धक्का कमी करत नाही, बोल्टचा प्रवास कमी करते. बंदूक रिकामी करून, रिकामं मॅगझिन लावून चार्जिंग हँडल पूर्ण मागे ओढा आणि पुंगळीच्या खिडकीतून बघा, वर आलेल्या बोल्ट कॅचपासून (बोल्ट उघडा अडवून ठेवणारी खिट्टी) बोल्टचा चेहरा किती मागे जातो. चकती त्या अंतराएवढी जाड झाली की शेवटच्या फैरीनंतर बोल्ट उघडा राहणं बंद. त्याआधीच, अंतर नुसतं कमी झालं तरी, मॅगझिनच्या स्प्रिंगला पुढचं काडतूस वर आणायला वेळ पुरत नाही. एके धाटणीच्या बंदुकांत असले पॅड फाटून तुकडे ट्रिगरच्या यंत्रणेत पडतात, तो वेगळाच ताप.

चकती योग्य ठरते अशी एकच परिस्थिती: ट्यूब प्रमाणापेक्षा खोल आहे आणि गॅस की (बोल्टच्या वाहकावरची, गॅस घेणारी छोटी नळी) मागे जाऊन लोअर रिसीव्हरच्या (सांगाड्याचा खालचा भाग) कड्यावर आपटते. स्प्रिंग काढून, कीच्या मागच्या बाजूला चिमूटभर पुट्टी लावून बंदूक जोडा, हँडल पूर्ण मागे ओढा, परत उघडा. पुट्टी चपटी झाली असेल तरच चकती, आणि तीही रबराची नको, ॲसिटल या कडक प्लॅस्टिकची घ्या.

खटका_२२
मग सरळ एच-२ घालू का?

बंद_बोल्ट
आधी एच. मॅगझिनमध्ये एकच काडतूस भरा, झाडा, बोल्ट उघडा राहतो का बघा. असं पाच वेळा, आणि तुम्ही वापरणार त्यातल्या सर्वात मवाळ काडतुसाने. पाचही वेळा राहिला तरच एच-२ करून बघा. एकदाही चुकला तर एक पायरी खाली या. पुंगळीच्या दिशेवर फार विसंबू नका, एक्स्ट्रॅक्टरची (पुंगळी ओढणारा आकडा) स्प्रिंग बदलली तरी ती दिशा बदलते. खरा दोष जादा गॅसचा आहे. बफर जड केल्याने बोल्ट उशिरा उघडतो आणि धक्का पसरतो, पण गॅस तेवढाच येत राहतो. बजेट असेल तर ॲडजस्टेबल गॅस ब्लॉक, म्हणजे येणारा गॅस कमी-जास्त करता येणारा ठोकळा, हा मुळावरचा इलाज.

लेथवाला
१०/२२ च्या पिनचं राहिलंच. धक्क्यात काहीच फरक नाही, पण खणखण बरीच कमी होते आणि ॲल्युमिनियमच्या रिसीव्हरवरचा मार हलका होतो. हा उद्योग स्वस्त आहे, खुशाल करा. मूळ पिन पाव इंची, म्हणजे ६.३५ मिमी. बाजारातला ६ मिमीचा रॉड खुळखुळतो, म्हणून ८ मिमीचा ॲसिटल रॉड घेऊन लेथवर उतरवा. लांबी मूळ पिनएवढीच, कडा किंचित मोडा. नायलॉन ओलावा पिऊन फुगतं आणि पिन अडकते. थ्री-डी प्रिंट आडवी चिरते. मऊ रबर बोल्टला उलटा उसळवतं. दर सफाईला पिन पाव फेरा फिरवा, म्हणजे एकाच जागी खड्डा पडत नाही; खड्डा नखाला लागायला लागला की नवी कापा.