मदत हवी आहे: पॅलिओ आहार सुरू केलाय, पण व्यायामात अंगात त्राणच राहत नाही

नमस्कार मंडळी,

पॅलिओ, म्हणजे अश्मयुगातल्या माणसासारखा आहार, सुरू करून आज बरोबर तीन आठवडे झाले. धान्यं, कडधान्यं, दूधदुभतं, साखर सगळं बंद. अंडी, मासे, चिकन, भाज्या, फळं आणि मूठभर सुकामेवा, एवढ्यावर आहे. पहिल्याच आठवड्यात वजन अडीच किलो उतरलं, पण त्यात बरंचसं पाणीच असणार. शरीरात साठलेल्या दर ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर (म्हणजे कर्बोदकांच्या साठ्याबरोबर) साधारण 3 ग्रॅम पाणी असतं, ते आधी जातं.

खरी अडचण व्यायामाची आहे. रोजचं चालणं मजेत होतं. पण आठवड्यातून तीनदा वजनं उचलतो, तिथे दुसऱ्या सेटच्या पाचव्या-सहाव्या बैठकीलाच मांड्या थरथरायला लागतात. महिन्यापूर्वी हेच वजन मी आरामात दहा वेळा उचलत होतो. रात्री पोटरीत गोळाही येतो, अगदी झोपेतून उठून पाय दाबत बसावं लागतं.

मला वाटतं कर्बोदकं फारच कमी पडताहेत. मुळात पॅलिओ म्हणजे कर्बोदकं बंद असं नाही, कंदमुळं चालतातच. मग व्यायामाच्या दिवशी रताळं किती आणि केव्हा खावं, आधी की नंतर? मीठही कमी केलंय, पोटरीचं दुखणं त्यामुळे असेल का?

दुसरी काळजी कॅल्शियमची. प्रौढ माणसाला दिवसाला साधारण 1000 मिलिग्रॅम लागतं. दूध सोडल्यावर काट्यांसकट खायचे छोटे मासे, तीळ आणि हिरव्या पालेभाज्यांवर ते भागतं का?

ज्यांनी सहा महिने तरी हे नेटाने पाळलंय, त्यांनी दिवसभराचं खाणं जरा सविस्तर सांगाल का? रक्ततपासणी कोणकोणती करून घेतलीत, तेही लिहा.