विषय: सोलापूर आरटीओची पक्क्या लायसन्सची ट्रायल आणि ९ जूनचं विमान

अण्णा (मस्कत)
नमस्कार मंडळी. धाकट्याला १८ पूर्ण झाली. २ मेला सोलापुरात उतरतोय, ९ जूनला परतीचं विमान. याच सुट्टीत लर्निंग आणि पक्कं दोन्ही उरकायचंय, कार आणि मोटरसायकल दोन्हीचं. तात्यांच्या पुतण्याचं झालं तसं नको. एजंट नुसतं 'या तुम्ही, बघू' म्हणालाय. ट्रायलला नेमकं काय काय करायला लावतात? गाडी घरची न्यावी की क्लासची?

तात्या
पुतण्याचा विषय इथं काढायचं कारण नव्हतं. असो. लर्निंग आधारवर घरबसल्या निघतंय. मग आत्ताच मस्कतहून काढून टाका की, ३० दिवस तिकडंच मोजून होतील.

मास्तर
तात्या, पोराला भलता रस्ता दाखवू नका. ते ३० दिवस नुसते मोजायला नाहीत, गाडी शिकायला आहेत, आणि लर्निंगवर मस्कतमध्ये स्टिअरिंगला हात लावता येत नाही. शिवाय ओटीपी आधारला जोडलेल्या मोबाइलवर येतो. तो नंबर बंद पडला असेल तर गाडं तिथंच अडतं. अण्णा, निघायच्या आधी एवढं तपासा.

आता हिशेब. २ मेच्या संध्याकाळीच लर्निंग काढलं तरी ट्रायल २ जूनच्या आत नाही. नापास झाला तर पुन्हा ७ दिवस थांबायचं, म्हणजे थेट ९ जून. आणि स्लॉट हवा त्याच दिवशी मिळेल असंही धरू नका. थोडक्यात, या सुट्टीत एकच संधी आहे. मात्र लर्निंग ६ महिने चालतं, म्हणजे नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंत. दसऱ्याला येणार असाल तर दुसरी ट्रायल तेव्हा होईल. तीनदा नापास झाला तर पुढं ६० दिवस बसता येत नाही.

फी: लर्निंगला प्रत्येक प्रकारच्या गाडीचे १५० रुपये आणि परीक्षेचे ५०, पक्क्याला प्रत्येक प्रकाराच्या ट्रायलचे ३०० आणि लायसन्सचे २००. कार्डाचे आणि सेवा शुल्काचे वेगळे. एजंट याच्यापुढं जे सांगेल ते त्याचं.

मोटरसायकलला गिअरचीच गाडी न्या. ॲक्टिव्हा नेली तर लायसन्स विनागिअरचं मिळतं आणि मग पुन्हा सगळं पहिल्यापासून. हेल्मेट घालूनच इंग्रजी आठचा (8) आकडा काढायचा, पाय टेकला की संपलं. पहिला गिअर, थ्रॉटल एकसारखा, वेग मागच्या ब्रेकने मारायचा. पुढचा ब्रेक वळणात दाबला की हँडल आत पडतं आणि पाय आपोआप खाली येतो. नजर पुढच्या चाकावर नको, पुढच्या वळणावर हवी.

बापू
मास्तर, कारचं राहिलं. पोरगं तिकडं सगळं ऑटोमॅटिक बघत वाढलंय, आणि तेही डाव्या हाताचं स्टिअरिंग. खरी अडचण तिथंच आहे. आणि गाडी कुठली ते आधी ठरवा. मारुती, ह्युंदाईला इंडिकेटर उजव्या हाताला आणि वायपर डावीकडं. स्कोडा, फोक्सवॅगनला बरोबर उलट. एकीवर शिकून दुसरीवर ट्रायल दिली की भर उन्हात वायपर फिरतात. अण्णांच्या भावाकडं स्कोडा आहे, म्हणून लिहिलं.

अण्णा
स्कोडा विकली त्यानं. आता वॅगन-आर आहे.

मास्तर
मग वॅगन-आरच न्या, महिनाभर शिकवणीही तिच्यावरच. क्लासच्या गाडीला शिकवणाऱ्याच्या पायाखाली वेगळा क्लच-ब्रेक असतो. रोज तो सावरून घेतो, त्यामुळं पोराला आपला क्लच कुठं धरतोय ते कधी कळतच नाही. क्लास लावायचा तर पहिले काही दिवस लावा, मग घरची गाडी. घरच्या गाडीबरोबर आरसी, विमा आणि मुदतीतली पीयूसी हवी. पुढं-मागं 'एल' हवा: पांढऱ्यावर लाल, चौकोन किमान १८ सेंटीमीटरचा, अक्षर १० सेंटीमीटर उंच, २ जाड, तळाशी ९ रुंद. वहीच्या कागदावर स्केचपेननं काढून चिकटवू नका. शेजारी लायसन्सवाला माणूस बसलेला असला पाहिजे.

इन्स्पेक्टर बसल्यापासून बघत असतो. सीट, आरसे, पट्टा, गिअर न्यूट्रल, मग चावी. निघताना आरसा, इंडिकेटर, मान वळवून उजवा खांदा, आणि मगच हँडब्रेक खाली. ऑटोमॅटिकची सवय असलेला इथं पहिली चूक करतो: ब्रेक सोडला की गाडी आपली आपण निघेल असं धरतो. क्लच अर्ध्यावर येऊन बॉनेट किंचित उचलल्यासारखं वाटलं की तिथं पाय थांबवायचा. घाईनं सोडला की गाडी बंद.

चढावर थांबवून पुन्हा निघायला सांगतात. हँडब्रेक ओढलेला, क्लच धरायला लागला, थोडं ॲक्सिलरेटर, मग हँडब्रेक सोडायचा. गाडी मागं सरकता कामा नये.

रिव्हर्समध्ये सगळ्यात जास्त पोरं जातात. इंग्रजी एच अक्षरासारखा आखलेला मार्ग असो की नुसतं अरुंद जागेत मागं घेणं असो, कारण एकच. मागं जाताना मागची चाकं आतून फिरतात आणि पुढचं तोंड बाहेर झुकतं. पोरगं मागचा खांब चुकवायच्या नादात असतं आणि पुढचा बंपर बाहेरच्या खांबाला लागतो. मागच्या दाराचा मागचा कोपरा वळणाच्या खांबाच्या रेषेत येईपर्यंत सरळच घ्यायची. तिथं पूर्ण स्टिअरिंग. दोन्ही आरशांत गाडीच्या कडा पट्ट्यांना समांतर दिसल्या की सरळ करायचं. पूर्ण वळवलेलं चाक सरळ व्हायला छोट्या गाडीत साधारण दीड ते पावणेदोन फेऱ्या लागतात. ॲक्सिलरेटरला पाय लावायचाच नाही, सगळं अर्ध्या क्लचवर. दार उघडून मागं वाकायचं नाही. सेन्सर वाजला म्हणून दचकायचं नाही.

हाताचे इशारे विचारतात, आणि ते इंडिकेटरवर वाढलेल्यांना येत नाहीत. उजवीकडं वळायचं तर उजवा हात आडवा बाहेर, तळवा पुढं. डावीकडं: तोच हात बाहेर काढून घड्याळाच्या उलट फिरवायचा. थांबायचं: कोपरातून हात उभा, तळवा उजवीकडं. वेग कमी: तळवा खाली करून हात वर-खाली.

एसीबद्दल: मे महिन्यात लागणारच. पण एसी चालू असला की गाडीची सुटण्याची चाल बदलते, म्हणून सराव आणि ट्रायल दोन्ही एकाच पद्धतीनं. इशाऱ्यांसाठी काच खाली घ्यायचीच आहे.

तात्या
सोलापूरच्या होम मैदानावर सकाळी ६ ला जागा मिळते, रिव्हर्सला उत्तम. गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या, दिवसांत मात्र विचार करू नका.

बापू
तात्या, अण्णा मे महिन्यात येताहेत, संक्रांतीला नाही.

अक्का
मधेच विचारते. माझं एमएच-१३चं, म्हणजे सोलापूरचं, लायसन्स संपून दोन वर्षं झाली. नुसतं रिन्यू होईल ना? पूर्वी पाच वर्षांपर्यंत चालायचं.

मास्तर
अक्का, ती सवलत मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनं गेली. संपल्यावर १ वर्षाच्या आत अर्ज केला तर ट्रायल नाही, त्यानंतर ट्रायल द्यावीच लागते. पण तुमच्याकडं मस्कतचं चालू लायसन्स असेल तर त्याच कायद्याचं कलम ९ बघा. परदेशातल्या सक्षम अधिकाऱ्यानं त्याच प्रकारच्या गाडीचं लायसन्स दिलेलं असेल तर टेस्टची गरज नाही, असं तिथं लिहिलंय. वैद्यकीय दाखल्याची अट मात्र पाळावी लागते. विजापूर रोडच्या आरटीओच्या खिडकीवर हे तोंडी सांगून कुणी ऐकेल असं नाही. कलमाची प्रत, मूळ लायसन्स आणि अरबी मजकुराचं भाषांतर घेऊन जा.

बापू
म्हणजे अण्णांनी पोराला मस्कतचंच लायसन्स काढून दिलं तर इथं ट्रायलच नको?

मास्तर
कागदावर तसं आहे. पण मस्कतची टेस्ट ऑटोमॅटिकवर दिलेल्या पोराला सात रस्ता चौकात गिअरची गाडी घेऊन सोडणार का, ते अण्णांनी ठरवावं.

सचिव
कृपया अक्कांच्या रिन्यूअलसाठी वेगळा विषय उघडावा. दरवर्षी शोधताना काही सापडत नाही. मे महिन्याच्या कार्यक्रमाची वर्गणीही अजून पाच जणांची बाकी आहे.

अण्णा
वर्गणी आज पाठवतो. विमान १६ जूनवर ढकलता येतंय का बघतो. कार्ड हातात मिळतं की पोस्टानं?

मास्तर
पोस्टानं, अर्जातल्या पत्त्यावर. घर बंद ठेवून निघणार असाल तर पोस्टमनला आणि शेजाऱ्यांना सांगून ठेवा. तोवर डिजीलॉकरमधलं दाखवलं तरी चालतं. अक्का, तुमचं वय ४० च्या पुढं, तेव्हा तो वैद्यकीय दाखला, म्हणजे फॉर्म १-अ, डॉक्टरांकडून भरून घ्यावा लागेल.

अक्का
वय मेलिंग यादीवर कशाला?