एकाच तबल्यावर अभंग, नाट्यपद, लावणी आणि पोवाडा निभेल का?

हौशी_ठेका
मंडळाच्या कार्यक्रमात ४ अभंग, २ नाट्यपदं, ३ लावण्या आणि शेवटी एक पोवाडा आहे. अभंग आणि पोवाडा म्हणणारे काका काळी १ मध्ये (पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीचा सूर ‘सा’ धरून) गातात, नाट्यपदं आणि लावण्या म्हणणाऱ्या ताई काळी ४ मध्ये. वाजवणारा एकच, तोही तबल्याचा. हाताशी काळी ४ चा तबला, डग्गा आणि पेटी. केरवा, धुमाळी, दादरा हे ताल सगळीकडे तेच, मग तबल्यावरच भागवलं तर काय बिघडेल? भाड्याने एकच वाद्य आणता येईल. कोणतं आणावं?

गजरा१६
ताल तेच असले तरी वाद्याची आस (थापेनंतर मागे राहणारा नाद) वेगळी, आणि गाण्याचा बाज तिथेच बदलतो.

आधी सुराचं बघू. काळी ४ चा तबला काळी १ पर्यंत उतरवायच्या फंदात पडू नका. गजऱ्यावर (पुडीच्या कडेच्या विणलेल्या वादीवर) हातोडी मारून अर्धा-एक स्वर इकडेतिकडे होतो, गठ्ठे (वाद्यांखालचे लाकडी ठोकळे) सरकवून आणखी थोडा. त्याखाली पुडी (वरचं कातडं) सैल पडते, चाटेवरचा (कडेच्या पट्टीवरचा) ‘ना’ बसका येतो. पण तुम्हाला उतरवायची गरजच नाही: काळी १ चा पंचम (‘प’) म्हणजेच काळी ४. काकांच्या अभंगांना तोच तबला पंचमात चालेल. फक्त एखादा अभंग मालकंसासारख्या पंचम वर्ज्य असलेल्या रागात आहे का ते आधी विचारा. असेल तर तो आवाज सतत खटकत राहील.

नाट्यपदांना तबलाच. ती पदं बांधली गेली ख्याल-ठुमरीच्या अंगाने. गंधर्व नाटक मंडळीत तबल्याला अहमदजान थिरकवाँ होते, यावरून काय ते समजा.

अडेल ते लावणीत. तबल्याच्या शाईची (पुडीवरच्या काळ्या लेपाची) आस लांब. लय दुगुनीत (दुप्पट वेगात) गेली की एक बोल विरायच्या आत दुसरा येतो आणि सगळं गिचमिड होतं. ढोलकीची शाईची बाजू ताणून चढवलेली, आवाज टणक आणि तोकडा. डाव्या पुडीला मसाला (जड लेप) आतून असतो, त्यामुळे घुमका (डाव्या हाताचा घुमणारा आवाज) गोल येतो, पण डग्ग्यासारखा पसरत नाही. म्हणून भाड्याने ढोलकीच आणा.

टाळकरी_आळंदी
अभंगाचं इतकं सहज सुटत नाही. मागे आठ-दहा टाळांचे जोड असतील तर तबल्याचं बोटांचं काम टाळांखाली गाडलं जातं. पखवाजाचा पूर्ण पंजाने काढलेला खुला ‘धा’ मात्र टाळांच्या खालून ऐकू येतो. अशा वेळी पखवाजच हवा.

पखवाज आणलाच तर धुमेला (डाव्या तोंडाला) कणीक कार्यक्रमाच्या आधी थोडाच वेळ लावा. सैलसर मळलेली, मीठ-तेल न घातलेली. मधोमध थापून कडेला पातळ करत न्यायची. कमी पडली तर धूम टणटणते, जास्त झाली तर आवाज मरतो. ती दिव्यांच्या उष्णतेने सुकत जाते आणि आवाज वर चढतो. मधूनमधून पाण्याचं बोट फिरवायचं. कार्यक्रम संपताच खरवडून काढा, नाहीतर कातडं खराब होतं.

टाळाचे एक-दोनच जोड असतील तर मात्र तबला चालेल. त्यावर पेशकार-कायदे (एकल तबलावादनातल्या रचना) नकोत. धुमाळी (धा धीं | धा तीं | त्रक धीं | धागे त्रक) सरळ ठेवा, डग्गा खुला वाजवा, मनगट घासून मींड (घसरता सूर) काढू नका.

हौशी_ठेका
टाळाचे दोनच जोड आहेत, तेव्हा ढोलकी ठरली. दोरीची की बोल्टची? आणि पोवाड्याला डफ नाही, त्याचं काय?

घुमका
आवाजाला दोरीची गोड. पण तुमच्याकडे लावायला सवयीचा हात नाही, त्यामुळे बोल्टची घ्या. शाईची बाजू काळी ४ ला. एकच बोल्ट आवळत गोल फिरू नका, पुडी एका बाजूला ओढली जाते आणि सूर फाटतो. समोरासमोरचे बोल्ट जोडीने, प्रत्येकी पाव फेरा. मग प्रत्येक बोल्टजवळ चाटेवर टिचकी मारून सूर सारखा आहे का ऐका. मसाल्याच्या बाजूला शक्यतो हात लावू नका. ती जास्त ताणली की घुमका जातो.

तबल्याच्या माणसाची नेहमीची अडचण डाव्या हाताची. डग्गा वरून वाजतो, ढोलकी आडवी. मनगटाला टेकायला जागा नसते. निदान आठवडाभर आधी ढोलकी घरी आणा. कार्यक्रमाच्या दिवशी आणली तर उजवा पळेल आणि डावा मागे राहील.

पोवाड्याला तबला अजिबात नको. हीच ढोलकी वापरा, काकांना ती आपोआप पंचमात मिळेल. डफ शाहिराच्या हातातला, त्यामुळे काकांना वाजवता येत नसेल तर नसलेलाच बरा. त्यापेक्षा तुणतुणं मिळवा. एकच तार, काळी १ ला लावायची, कोणीही झीलकरी (शाहिरामागे सूर धरणारा साथीदार) वाजवू शकतो. पेटीचा सा दाबून ठेवून त्याची जागा भरत नाही, कारण तुणतुणं सुराबरोबर लयही धरतं.

वातानुकूलित सभागृहात कातडं सुकून सूर चढतो, पावसाळी दमट हवेत उतरतो. दोन्ही वाद्यं रंगमंचावर दिवे लावून अर्धा तास ठेवा आणि मगच लावा. ढोलकीला दोन माइक, दोन्ही तोंडांना वीतभर लांब. एकच असेल तर मसाल्याच्या बाजूला द्या. शाईची बाजू तशीही मागच्या रांगेपर्यंत पोचते.