पॅरिश कौन्सिलचा खरा हंगाम हिवाळा
काहींना वाटतं की इंग्लंडच्या खेड्यांतली पॅरिश कौन्सिल म्हणजे चर्चचीच समिती. तसं नाही. १८९४ च्या कायद्याने गावचा कारभार चर्चकडून काढून या निवडून आलेल्या मंडळाकडे दिला. मे महिन्यात अध्यक्ष निवडतात खरे, पण माझ्या मते वर्षाचा कळीचा निर्णय हिवाळ्यातच होतो: बाकडी, दफनभूमी, खेळाचं मैदान यांना किती खर्च येईल ते मांडून प्रीसेप्ट, म्हणजे गावकऱ्यांकडून घ्यायचा पॅरिशचा कर, ठरतो आणि कौन्सिल टॅक्सबरोबर (तिथल्या घरपट्टीसारख्या स्थानिक कराबरोबर) वसूल होतो. बांधकाम परवानगीवर मात्र पॅरिश कौन्सिलला फक्त आपलं मत कळवता येतं. १ मार्च ते १ जूनच्या दरम्यान गावसभा भरते. तिथे गावातला कुठलाही मतदार आपल्या ग्रामसभेसारखा उभा राहून बोलू शकतो. जुलैच्या सुरुवातीला हिशेब पावत्यांसकट बघायला मागता येतात. तिकडे राहणाऱ्या मराठी मंडळींनो, एकदा मागून बघाच.