चेनसॉ गरम झाली की बंद पडते – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. गोव्यात वाळपईजवळ आमचं कुळागर (पोफळीची बाग) आहे. पावसात आडव्या पडलेल्या पोफळी आणि फणसाच्या फांद्या कापायला वडिलांच्या वेळची टू-स्ट्रोक चेनसॉ वापरतो. थंड असताना दोन-तीन दोऱ्यांत सुरू होते, कापतेही झकास. पण एक टाकी संपत आली की आयडलिंग (खटका न दाबता इंजिन नुसतं चालणं) आपोआप वर-खाली होतं, आणि थ्रॉटल, म्हणजे वेगाचा खटका, दाबला की घुसमटून बंद. मग गार होईपर्यंत दोरी ओढून खांदा दुखतो, बाकी काही नाही.

प्लग नवा आहे, एअर फिल्टर धुतला, सायलेन्सरची जाळी कार्बन काढून साफ केली. टाकीतली नळी बोटांत धरताच तुटली, तीही बदलली. कार्बोरेटर उघडला तर डायाफ्राम (आतला पातळ लवचिक पडदा) पापडासारखा कडक! इथेनॉलच्या पेट्रोलचा प्रताप असावा. नवा किट बसवला, तरी दुखणं तेच. पेट्रोलमध्ये ऑइल 50:1, म्हणजे लिटरला 20 मिली घालतो.

एक गोष्ट खटकते: मशीन कुशीवर कलती केली की आयडलचा आवाज बदलतो. म्हणून क्रँकच्या (इंजिनाच्या फिरत्या दांड्याच्या) सीलमधून हवा ओढतेय असा संशय आहे. की गरम झाल्यावर प्लगला ठिणगी पुरवणारी इग्निशन कॉइल दगा देते? बंद पडल्या पडल्या प्लग काढून ठिणगी बघायची, एवढं ठरवलंय. सीलची खात्री घरच्या घरी कशी करावी? फोंडा-म्हापशाकडे सील बदलून देणारा जाणता मेकॅनिक कोणाला ठाऊक आहे का? इथला एक तर "नवीन घ्या"च्या पुढे जातच नाही.