सिक्वेलवाले जुन्या हिरोचं असं का करतात?

सातारकर: ‘स्टार वॉर्स’मधला ‘द लास्ट जेडाय’ परत बघितला राव, जुन्या पिक्चरांचा हिरो ल्यूक, त्याच्या हातात त्याचंच जुनं लाईटसेबर, म्हणजे उजेडाची तलवार, देतात आन हा सरळ खांद्यावरनं मागं फेकून देतो! लहानपणापासनं ज्याला डोक्यावर घेतला त्याला एवढा खचलेला कशाला दाखवायचा?

सांगलीवाला: म्हातारा दाखवा की, पण मान ठेवून. २०१५ चा ‘क्रीड’ बघ, शेवटी स्टॅलोनचा म्हातारा बॉक्सर रॉकी जुन्या ‘रॉकी’तल्या त्याच पायऱ्या धापा टाकत चढतो, शिकवलेलं पोरगं सोबतीला, लय भरून येतं. स्टॅलोनला ऑस्कर नामांकन उगीच नव्हतं.

कराडकर: ‘झपाटलेला २’ आला २०१३ ला, लक्ष्मीकांत बेर्डे २००४ लाच गेलेले. गोष्टीतल्या लक्ष्याच्या पोराला हिरो केला, ती जागा काय भरली नाही, पण लक्ष्याला कुठं कमी नाही केलं.

सातारकर: हे पटलं. तरी शेवटी ल्यूक एकटा सगळ्या फौजेसमोर उभा राहतो तो सीन मात्र जबरदस्तच.